गंगथडीची दरड आणि कोकणची करळ

पाचोडसारख्या गावी बसून समुद्राविषयी लिहू पाहणाऱ्या माणसाने आरंभीच वाचकांची क्षमा मागावी हे उचित होय. छत्रपती संभाजीनगराहून बीडकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचे, पैठण तालुक्यातले हे बाजारपेठेचे गाव मोसंबीच्या ढिगांसाठी सर्वत्र ठाऊक आहे, आणि मोसंबीच्या मुळाशी पाणी पोचविण्याची जी विवंचना ती तर येथे बारमाही पीकच होऊन बसली आहे. गावच्या गल्हाटी नदीला पावसाळ्यात दोन-चार पूर आले तर आले, एरवी पात्रातून बैलगाडी खुशाल न्यावी. अशा मुलखातल्या माणसाचा समुद्राशी नातेसंबंध एवढाच की, आमची गोदावरी त्र्यंबकेश्वराजवळ पश्चिम समुद्रापासून अवघ्या ऐंशी किलोमीटरांवर जन्माला येते आणि तरीही त्याच्याकडे पाठ फिरवून, १४६५ किलोमीटरांची वाट तुडवीत, पूर्वसमुद्राला जाऊन मिळते. परंतु गेल्या शतकात ज्या विद्वानांनी समुद्रकाठच्या खडकांना, वाळूच्या टेकड्यांना आणि बुडालेल्या अरण्यांना तारखा लावून जुन्या पर्जन्यमानाचा माग काढला, त्यांच्याच विद्येने आमच्या गंगथडीची दरडही वाचली गेली. आणि मला जे सांगावयाचे आहे ते हे की, या दोन लेखांपैकी आमचा लेख, समुद्रापासून दूर असल्यामुळेच, वाचावयास अधिक निर्वेध निघाला.

गोदावरीला आमच्याकडे कोणी गोदावरी म्हणत नाही. ती गंगा, आणि तिच्या दोन्ही काठांचा पट्टा ती गंगथडी. पैठणच्या खाली, पलीकडच्या थडीला मुंगी नावाचे गाव आहे. 'मुंगी-पैठण' हे जोडनाव निंबार्काचार्यांच्या जन्मकथेमुळे वैष्णवांच्या तोंडी असते. तेथे उन्हाळ्यात पात्रात उतरून काठाकडे तोंड करून उभे राहावे. वर हातभर-दोन हात काळी माती, भेगाळलेली. तिच्याखाली पिवळसर-तपकिरी गाळाचा उंच पडदा, ज्यात बोटाच्या पेरापासून सुपारीएवढे चुनखडीचे खडे जागोजाग चिकटून बसलेले. आणि सर्वांच्या तळाशी, काळ्या पाषाणाला लागून, गोट्यांचा नि वाळूचा असा घट्ट थर की कुदळीचा घाव घातला तर ठिणगी उडावी. त्या थरातून नखाने उकरले तर गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांचे तुकडे निघतात, आणि मध्येच एखादी गारगोटी अशी निघते की जिच्या एका कडेवर कोणी मुद्दाम टवके उडविल्याचा संशय यावा. विहीर खणणाऱ्यांना हा क्रम तोंडपाठ असतो: काळी, मग पिवळी, मग चुनखडी, मग मुरूम, मग मांजऱ्या, आणि मग सुरुंगाशिवाय न हलणारा पाषाण. किती परसांवर काय लागेल हे ते बिनचूक सांगतात. फक्त कोणता थर केव्हाचा, हा प्रश्न त्यांच्या व्यवसायात कधी उद्भवत नाही.

तो प्रश्न उद्भवला १८६५ साली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील वाइन नावाच्या अधिकाऱ्यास मुंगीजवळच्या याच गोट्यांच्या थरात, जेथे नामशेष झालेल्या जनावरांची हाडे दगड होऊन पडली होती तेथेच, अकीक दगडाची एक छिलका-सुरी सापडली. रॉबर्ट ब्रूस फूट याने मद्रासजवळ पल्लावरम येथे अश्मयुगीन हत्यार उचलले ते १८६३ च्या मे महिन्यात. म्हणजे हिंदुस्थानातील आदिमानवाच्या शोधात मुंगीचा क्रमांक केवळ दोन वर्षांनी मागे. पैठणला आपण सातवाहनांची राजधानी म्हणून, एकनाथांचे गाव म्हणून, पैठणीचे गाव म्हणून मिरवतो. या अकीकाच्या चिरफळीबद्दल पैठणच्या नाथषष्ठीला जमणाऱ्या लाखोंपैकी किती जणांस ठाऊक असेल, हे मी विचारणार नाही. परंतु एक योगायोग नोंदविल्यावाचून राहवत नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' नामक सागरी मार्गदर्शिकेत पैठणचा उल्लेख आहे, तो भडोचच्या बंदराहून वीस दिवसांच्या वाटेवरचे, आणि जेथून अकीकाच्या जातीचे दगड गाड्या भरभरून बंदरास जातात असे शहर म्हणून. ज्या दगडाने मुंगीच्या अनाम माणसाने मांस कापले असेल, त्याच दगडाच्या मण्यांवर पुढे रोमच्या बायका भाळल्या. पैठणचा समुद्राशी खरा व्यवहार एवढाच, आणि तो गाडीवाटेने.

१९०५ साली पिलग्रिम या भूवैज्ञानिकाने नाशिककडील नांदूर-मधमेश्वर येथल्या गोदावरीच्या गाळातून निघालेल्या प्रचंड प्राचीन हत्तीचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि गोदावरीच्या दरडीचे वय ठरविण्याचा मामला त्या हत्तीच्या दाढेवर येऊन थांबला. हा हत्ती नर्मदेच्या गाळात सापडतो, नर्मदेचा गाळ अमुक काळाचा मानला आहे, सबब गोदेचा गाळही त्याच काळाचा, अशी ती सरणी होती. आणि एका अंदाजाच्या खांद्यावर दुसरा अंदाज बसविण्याची ही पद्धत शास्त्राच्या बाल्यावस्थेत क्षम्य असली तरी तिच्यात तारीख कोठेच नव्हती. पुढे डेक्कन कॉलेजचे हसमुख धीरजलाल सांकळिया यांनी प्रवरेच्या काठी नेवाशास १९५४ ते ५६ या काळात उत्खनन केले आणि नद्यांच्या दरडींचे थर एकामागून एक मोजले. गोट्यांचा थर म्हणजे जोरकस पावसाचा काळ, बारीक गाळ म्हणजे अवर्षणाचा, असे साधारण सूत्र त्या काळी प्रमाण मानले जाई, आणि हिमालयातल्या हिमयुगांशी त्याचा मेळ घालण्याचा यत्न होई. कागद होता, मजकूर होता, अक्षर सुवाच्य होते. परंतु दस्तऐवजावर तारीख नि शिक्का नसेल तर दिवाणी अदालतीत त्याची जी किंमत, तीच येथे.

तारीख आली ती अमेरिकेतून. विलर्ड लिबी याने १९४९ मध्ये कार्बनच्या किरणोत्सारी भावंडावरून कालमापन करण्याची रीत सिद्ध केली आणि १९६० साली त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. जिवंत प्राणी वा वनस्पती हवेतून वा अन्नातून हा कार्बन घेत राहते. मेल्यावर आवक बंद होते आणि साठा ५७३० वर्षांत निम्मा, पुढल्या तितक्याच वर्षांत पाव, या हिशेबाने घटत जातो. उरलेली शिल्लक मोजली की खाते बंद झाल्याची तारीख निघते. सुमारे पन्नास हजार वर्षांपलीकडे शिल्लक इतकी क्षीण होते की हिशेब लागत नाही. नेवाशाच्या कोळशाच्या पहिल्या तारखा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने काढून दिल्या. परंतु लौकरच मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अशी प्रयोगशाळा उभी राहिली आणि धर्मपाल अग्रवाल, शीला कुसुमगर यांच्या हातून दक्खनच्या दरडींतले शिंपले आणि कोकणच्या किनाऱ्यावरचे शिंपले एकाच यंत्राखालून जाऊ लागले.

येथे आपण थोडा वेळ घाट उतरून खाली जाऊ. मुंबईच्या प्रिन्सेस डॉकची कोनशिला १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स याने बसविली आणि १८८० मध्ये ती गोदी खुली झाली. दरम्यानच्या खोदकामात निळ्या चिकणमातीच्या थराखाली एक अख्खे अरण्य सापडले. ३८२ झाडे मोजली गेली, त्यांपैकी २२३ आपल्या मुळांवर उभी, बाकीची आडवी पडलेली, आणि बहुतेक लाकूड खैराचे. खैर हे माळरानाचे झाड. त्याला खारे पाणी मानवत नाही. म्हणजे जेथे आज भरतीची लाट येते तेथे एके काळी कोरडी जमीन होती, एवढे त्या मुळांनी निर्विवाद सांगितले. केव्हा होती, आणि समुद्र चढला की जमीन खचली, हे सांगण्याची त्यांची प्राज्ञा नव्हती.

कोकणच्या किनाऱ्यावर दुसरा साक्षीदार आहे, त्याला तेथले लोक करळ म्हणतात. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात शिंपले, वाळू आणि गोटे यांना चुन्याचे द्रव्य सिमेंटासारखे बांधून टाकते आणि लाटांच्या कुशीतच फरसबंदीसारखा खडक तयार होतो. हा खडक पाण्याच्या कडेलाच घडत असल्यामुळे तो आजच्या कडेहून उंचावर आढळला तर पाणी कधीकाळी तेथवर होते, असे अनुमान रास्त ठरते. डेक्कन कॉलेजच्या स्तातिरा गझदर यांनी सत्तरच्या दशकात या करळीचा आणि किनाऱ्यावरील अश्मयुगीन अवशेषांचा कसून अभ्यास केला. त्यांतल्या शिंपल्यांच्या तारखा बहुतांशी गेल्या काही सहस्रकांतल्या निघाल्या. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने समुद्रतळावरचे नमुने आणून १९९५ मध्ये जो आलेख मांडला, त्याप्रमाणे सुमारे साडेचौदा हजार वर्षांपूर्वी आपला पश्चिम समुद्र आजच्याहून शंभरेक मीटर खाली होता; दहा हजार ते सात हजार वर्षांपूर्वीच्या अवधीत तो झपाट्याने चढला आणि मग आजच्या पातळीच्या आसपास रेंगाळला. समुद्र तसा खाली असताना मुंबईहून पश्चिमेकडे निघालेल्या माणसाला समुद्र दिसण्यासाठी कित्येक मुक्काम करावे लागले असते.

परंतु या साक्षीची उलटतपासणी करणे भाग आहे. एक तर शिंपल्याची तारीख ही शिंपल्यातला जीव गेल्याची तारीख होय, खडक बांधला गेल्याची नव्हे. शंभर-दोनशे वर्षे इकडेतिकडे लोळून तो मग करळीत अडकला असेल. दुसरे, समुद्राच्या पाण्यातला कार्बन मुळातच शिळा असल्यामुळे त्यात वाढलेला शिंपला आपले वय सुमारे चारशे वर्षांनी फुगवून सांगतो, आणि तेवढी वजावट करावी लागते. तिसरे आणि सर्वांत अडचणीचे असे की, समुद्राची पातळी हा साऱ्या जगाचा सामाईक हिशेब आहे: कॅनडात बर्फ वितळले की कोकणातल्या हर्णैला पाणी चढते. किनाऱ्यावरच्या दरडीत स्थानिक पावसाने किती लिहिले, दूरच्या बर्फाने किती लिहिले आणि भूकंपाने हात धरून किती लिहविले, हे वेगळे काढणे फार कष्टाचे. दापोली तालुक्यातील केळशीच्या वाळूच्या टेकडीचेच पाहा. वाळूची टेकडी म्हणजे वारा, वारा म्हणजे कोरडा काळ, असा अर्थ लावण्याचा मोह होतो. पण त्या टेकडीत शंखशिंपल्यांचा आणि खापऱ्यांचा जो थर आहे त्याविषयी डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी असे मत मांडले की तो त्सुनामीने आणून टाकला असावा, आणि त्यांनी बोट दाखविले ते १५२४ सालाकडे, जेव्हा वास्को द गामाच्या आरमाराची जहाजे दाभोळच्या समुद्रात वारा नसताना अकस्मात थरथरली, असे पोर्तुगीज बखरकार लिहून ठेवतात. हे मत सर्वमान्य झाले आहे असे नाही. वादळाने वा माणसांनीही शिंपल्यांचे ढीग केले असतील. तथापि ज्याला आपण शतकांचे हवामान समजतो ते एखाद्या सकाळचे काम असू शकते, एवढा सावधपणा केळशीने शिकविला.

आता घाट चढून पुन्हा मुंगीच्या दरडीपाशी यावे. पैठणच्या धरणाची पूर्ण पातळी १५२२ फूट, हा आकडा श्रावण-भाद्रपदात आमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतो. म्हणजे नदी येथे समुद्रसपाटीहून चारशे मीटरांपेक्षा उंच वाहते, आणि समुद्र गाठावयास तिला अजून हजार किलोमीटरांहून अधिक, तेही जागोजाग खडकाच्या उंबऱ्यांवरून उतरत, चालावयाचे असते. राजमहेंद्रीच्या पुढे समुद्र शंभर मीटर खाली गेला काय की वर आला काय, त्याची वार्ता मुंगीपर्यंत पोहोचत नाही. म्हणून येथल्या नदीने गाळ टाकला किंवा खोदला तर त्याचे कारण बव्हंशी आकाशातच शोधावे लागते. भूपुरातत्त्वज्ञ शरद राजगुरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्खनच्या नद्यांवर आयुष्य वेचून जे प्रतिपादन केले त्याचे मर्म हेच आहे.

आणि ते प्रतिपादन जुन्या सूत्रास पुष्कळच छेद देणारे निघाले. दरडीतल्या शिंपल्यांच्या तारखा हत्तीच्या दाढेने सुचविलेल्या वयाहून फार अलीकडच्या, गेल्या काही दशसहस्र वर्षांतल्या, निघू लागल्या. मान्सून मंदावला की डोंगरउतारावरची झाडी विरळ होते; मग जो काही थोडका पाऊस पडतो तो उघडी माती ओढून नदीत आणतो, परंतु ती पुढे वाहून नेण्याइतके बळ नदीच्या अंगी उरत नाही, आणि खोरे गाळाने भरत जाते. उलट मान्सून सबळ झाला की उतार हिरवे होऊन माती धरून ठेवतात, नदीला पाणी मिळते पण ओझे मिळत नाही, आणि ती आपल्याच जुन्या गाळात खोल उतरते. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात असता आमचा पाऊस क्षीण झाला आणि ही पिवळी दरड रचली गेली. दहा हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास पाऊस परतला आणि नदीने तिला उभी चिरली. चुनखडीचे खडेही त्याच रुक्ष काळाची खूण: जमिनीतले पाणी वर ओढले जाऊन उडून गेले आणि चुना मागे राहिला. एवढे सांगूनही ज्याला विश्वास बसणार नाही त्याने अजिंठ्याची रांग ओलांडून चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे येथे जावे, जेथे सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीची, नक्षी कोरलेली शहामृगाच्या अंड्याची कवचे सापडली. जळगाव जिल्ह्यात शहामृग धावत होते, ही गोष्ट दरडीच्या शंभर पानी अहवालापेक्षा मला अधिक पटते.

अलीकडे शिंपल्यावाचूनही तारीख काढतात. गाळातल्या गारेच्या कणाने शेवटचे ऊन केव्हा पाहिले, हे त्याच्यात साठलेल्या ऊर्जेवरून मोजता येते. दरडीत लोखंडी नळी हातोड्याने ठोकून आत सारायची, बाहेर काढताना काळे कापड पांघरून तोंड बंद करायचे आणि प्रयोगशाळेतल्या मंद तांबड्या उजेडातच ती उघडायची. मधल्या वाटेत उन्हाची एक तिरीप लागली तरी वीस हजार वर्षांची नोंद क्षणात पुसली जाते. पाहणाऱ्याला एखाद्या पडदानशीन बाईची सवारी चालली आहे असे वाटावे, इतकी त्या नळीची बडदास्त. असे असूनही तारखांचे तंटे संपत नाहीत. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीकाठी बोरी येथे गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला. त्याचे वय एका मोजणीने चौदा लाख वर्षे, दुसऱ्या मोजणीने सहा लाख सत्तर हजार, आणि ज्यांना ती सुमात्रातील तोबा ज्वालामुखीची शेवटची राख वाटते त्यांच्या मते अवघे चौऱ्याहत्तर हजार! गावच्या शिवेच्या भांडणातही दाव्यांत एवढी तफावत आमच्या तहसिलीत कोणी पाहिली नसेल.

माणूस शेती करू लागल्यानंतरच्या काळासाठी दरडीपेक्षा लोणारचे सरोवर अधिक बोलके ठरले. त्याच्या तळातून काढलेल्या चिखलाच्या स्तंभात दोन ठिकाणी गेल्युसाइट नावाच्या क्षाराचे स्फटिक मिळाले, जे पाणी फार आटल्याखेरीज बनत नाहीत. आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दीर्घ अवर्षणाचे दोन कालखंड दाखविले गेले, पहिला आजपासून मागे ४६०० ते ३९०० वर्षे, दुसरा २००० ते ६०० वर्षे. हे आकडे हाती आले की इतिहासकाराची बोटे शिवशिवू लागतात. इनामगावची, जोर्वे या आद्य शेतकरी संस्कृतीची वसाहत इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास ओस पडली, प्रवरेकाठचे दायमाबाद त्याही आधी. पुरातत्त्वज्ञ मधुकर ढवळीकरांनी त्याचे कारण घटत्या पावसात पाहिले, आणि गव्हाची जागा हलक्या धान्यांनी व शिकारीने घेतल्याचा पुरावा त्यांच्यापाशी होता. परंतु तो ऱ्हास लोणारच्या दोन्ही कोरड्या मुदतींत बसत नाही, नेमका मधल्या फटीत पडतो. आणि दुसऱ्या मुदतीत काय झाले? तिच्यात सातवाहनांची अखेर आहे खरी, पण तिच्यातच अजिंठ्याची उत्तरकालीन लेणी आहेत, राष्ट्रकूटांनी आठव्या शतकात डोंगर पोखरून काढलेले वेरूळचे कैलास आहे आणि देवगिरीच्या यादवांचे वैभव आहे. पाऊस कमी झाला म्हणून राज्य बुडाले, असे एका ओळीत लिहून मोकळे होणाऱ्यांनी एकदा कैलासाच्या प्रांगणात उभे राहून हिशेब मांडावा. दुष्काळात माणसे मरतात, स्थलांतर करतात, विहिरी अधिक खोल नेतात, आणि कधीकधी लेणीही खोदतात. १९७२ च्या दुष्काळात आमच्या वडीलधाऱ्यांनी मिलो खाऊन आणि सुकडीवर पोरे जगवून पाझर तलाव नि रस्ते बांधलेच की.

त्याच सुमारास पैठणचे धरण उभे राहत होते. लालबहादूर शास्त्रींनी १९६५ च्या ऑक्टोबरात त्याची पायाभरणी केली आणि १९७६ च्या फेब्रुवारीत इंदिरा गांधींनी ते राष्ट्रास अर्पण केले. मूळ योजना बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावापाशी होती, जागा बदलली आणि नाव तेवढे राहिले. त्या दिवसापासून गंगेचा गाळ धरणाच्या वरच थांबू लागला. मुंगीच्या दरडीखालच्या पात्रात वरून नवे थर येणे जवळपास बंद झाले, आणि जी जुनी वाळू होती तिचे लिलाव होतात, ट्रॅक्टर लागतात. धरणाच्या जलाशयाला, म्हणजे नाथसागराला, मात्र आता स्वतःचा किनारा आहे, आणि तो किनारा दर वर्षी सरकतो. चैत्र-वैशाखात पाणी उतरू लागले की काठावर पायऱ्यांसारख्या ओळी उमटतात, प्रत्येक ओळीवर पांढुरका शिंपल्यांचा चुरा आणि वाळलेले शेवाळ. २०१२-१३ च्या अवर्षणात, ज्या वर्षी पाचोडकडच्या मोसंबीच्या बागा वाळून सरपणाच्या भावाने गेल्या, त्या ओळी दूरवर आत गेल्या होत्या. धरणात जमीन गेलेले शेतकरी त्या उघड्या पडलेल्या गाळात शिरून पेरणी करतात. त्या पेरणीस गाळपेर म्हणतात. गतवर्षी ज्येष्ठाच्या तोंडी मी तेथे गेलो असता एक म्हातारे काका औत सोडून काठावर बसले होते. पाणी पूर्वी कोठवर यायचे असे विचारल्यावर त्यांनी हात न उचलता हनुवटीनेच एकेक ओळ दाखविली: ही यंदाची, ती परवाची, ती पलीकडची बहात्तरची असती तर असती, पण तेव्हा इथे धरण नव्हते, आमचे घर होते.